पोटातली मच्छरदाणी

हर्नियाला मराठीत ‘अंतर्गळ’ असा भारदस्त शब्द आहे, पण तो कोणाला होत नाही. सगळ्यांना हर्नियाच होतो. आणि झाला की घरात दोन पक्ष पडतात. एक दुर्बिणीवाला, दुसरा ‘सरळ फाडा आणि मोकळे व्हा’वाला. वास्तविक मामला रफूचा. जांघेतलं अस्तर विरलेलं असतं आणि आतडं त्यातून रस्त्यावरची गंमत बघायला डोकावतं. पँटला रफू करायचं असेल तर आपण शिंप्याचा हात कसा आहे ते विचारतो, त्याचं मशीन कुठल्या कंपनीचं आहे याच्याशी आपल्याला देणंघेणं नसतं. पोट शिवताना मात्र मशीनचीच चौकशी आधी होते. माझं म्हणणं एवढंच, की इथेही शिंपीच बघावा.

पुरावा म्हणून आधी कापड घेऊ. 1887 साली इटलीतल्या पादुआच्या बास्सिनीने आपली पद्धत मांडली, तीत भोकाच्या दोन्ही बाजूंच्या कडा ओढून एकमेकींना शिवायच्या. आटलेल्या सदऱ्याचं बटण पोटावर ओढून लावावं तसा टाक्यांवर ताण यायचा, आणि पुढेमागे हर्निया परत यायचा. 1980 च्या दशकात लॉस एंजेलिसच्या लिख्टेन्स्टाइनने ओढाताण सोडून वर सरळ जाळीचं ठिगळ लावलं. मग जाळी आली आणि जाळीबरोबर तिची किंमतही आली. यावर उतारा निघाला तो धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईच्यात. तिथल्या डॉ. टोणगावकरांनी मच्छरदाणीचं कापड निर्जंतुक करून ठिगळ म्हणून वापरलं. ऐकणाऱ्याला वाटावं, आता पोटात डास शिरणार नाहीत. पण 2016 मध्ये युगांडातल्या 302 पुरुषांवरच्या चाचणीचे निष्कर्ष आले: वर्षभरात मच्छरदाणीच्या स्वस्त जाळीच्या गटात एकाचा हर्निया परतला, महागड्या गटात एकाचाही नाही. तेव्हा स्वस्त जाळी साधारण एका डॉलरची होती, कंपनीची सव्वाशेच्या घरातली. (पलंगावरची मच्छरदाणी घेऊन कोणी डॉक्टरांकडे जाऊ नये, तिला औषध लावलेलं असू शकतं, शिवाय रात्री डास चावतील ते वेगळंच.)

दुर्बिणीवाले इथे गळा काढतात: कापडाचं सोडा, पण छिद्र लहान, दुखणं कमी, माणूस लवकर उठतो! खरं आहे. दोन्ही बाजूंचा हर्निया असेल किंवा उघड्या शस्त्रक्रियेनंतर परत आलेला असेल, तर मीही दुर्बिणीच्याच बाजूने हात वर करीन. पण ‘लवकर’ म्हणजे किती? अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत दोन्ही पद्धतींची तुलना झाली, ती 2004 मध्ये छापून आली. दुर्बिणीवाले नेहमीच्या कामाला लागले चौथ्या दिवशी, उघड्या पद्धतीचे पाचव्या. म्हणजे सगळ्या भांडणाची कमाई एक दिवस, तोही बहुधा विम्याचे कागद भरण्यात जाणारा. उलट दोन वर्षांत हर्निया परत येण्याचं प्रमाण दुर्बिणीत 10.1 टक्के निघालं, उघड्या पद्धतीत 4.9. मात्र त्यातही मेख आहे. ज्या सर्जननी दुर्बिणीची अडीचशेच्या वर ऑपरेशनं केलेली होती, त्यांच्या रुग्णांत हे प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास आलं. दुर्बीण तीच, फक्त धरणारा हात मुरलेला.

‘पण हात कसा ओळखायचा? दुर्बीण निदान दिसते तरी!’ हा आक्षेप बिनतोड वाटतो, पण ‘अशी किती केलीत आणि किती परत आली?’ हे विचारायला दमडी लागत नाही. लागतो तो धीर. भाजीवालीकडे एका कोथिंबिरीच्या जुडीसाठी पाच मिनिटं हुज्जत घालणारा माणूस सर्जनसमोर नुसती मान डोलावतो.

बरं होण्याचं म्हणाल, तर तिथे सर्वांत मोठा अडथळा भेटायला येणाऱ्यांचा. आजचा वैद्यकीय सल्ला असा, की गुंतागुंत नसेल तर झेपेल तसं लगेच हिंडाफिरायला लागावं. टोरांटोजवळच्या शोल्डिस रुग्णालयात, जे 1945 पासून हर्नियाच शिवत आलंय, पेशंटला ऑपरेशनच्या टेबलावरून उतरून चालायला लावण्याची जुनी रीत आहे. आपल्याकडे तो टेबलावरून उतरला असता तर दारातच कोणी काकांनी शहाळं सावरत खांद्याला धरलं असतं, ‘अरे अरे, झोप तू!’ आणि त्याला आडवा करून, त्याच्याच उशाला बसून, तेच शहाळं फोडून प्यायले असते.