एसी साहेबांना अनावृत पत्र

रा. रा. एसी साहेब,
मुक्काम तिसरा मजला, मुंबई, यांस सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, मे महिना चालू आहे. खाली फुटपाथवर नारळपाणीवाला घामाने निथळतोय आणि मी इथे, बरोब्बर आपल्या खाली, कानाला मफलर गुंडाळून बसलोय. डब्याबरोबर स्वेटर घेऊन निघतो, तेव्हा शेजारी माझ्याकडे काळजीने बघतात. समोरच्या मॅडमची शाल तर खुर्चीच्या पाठीवर बारमाही मुक्कामाला आहे.

आपला आकडा 18. रिमोट साहेबांच्या खणात, रबरबँड लावून. साहेब कोट घालतात, त्यामुळे ऑफिसात थंडी नाही हे सिद्धच आहे.

तसा आपल्याला बोल लावण्यात अर्थ नाही. आपला जन्मच मुळी माणसांसाठी झालेला नाही. 1902 साली न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगायचा, आक्रसायचा आणि छपाईचे रंग एकमेकांवर नीट बसायचे नाहीत. विलिस कॅरिअर नावाच्या तरुण इंजिनिअरने त्यावर तोड काढली, ती म्हणजे आपण. आमच्याकडेही आपण घराण्याची परंपरा राखली आहे. कपाटातल्या फायली ठणठणीत. त्या लिहिणारे शिंकताहेत.

डेन्मार्कच्या ओले फँगर यांनी 1970 साली पुस्तक लिहून सांगितले, की माणसाला बरे वाटणे सहा गोष्टींवर ठरते : हवेचे तापमान, भिंती-छतातून येणारी उष्णता, वारा, दमटपणा, अंगावरचे कपडे आणि शरीराची हालचाल. साहेबांना यातली पहिलीच ठाऊक. शिवाय या हिशेबात शरीराची उष्णता धरली गेली ती चाळिशीच्या, सत्तर किलोच्या पुरुषाची. बायकांच्या बाबतीत हा अंदाज 35 टक्क्यांपर्यंत जास्त ठरू शकतो, असे नेदरलँड्सच्या दोन संशोधकांनी 2015 साली मांडले. म्हणजे मॅडमची शाल हा नखरा नाही, चुकलेल्या गणिताची दुरुस्ती आहे.

दुसरी तक्रार अशी, की आपण हवा गार करता, बदलत नाही. खिडक्या बंद, मीटिंगमध्ये बारा जण तीच हवा आलटूनपालटून वापरतात. बाहेर कार्बन डायऑक्साइड दहा लाखांत सुमारे 420 भाग. दाटीच्या बंद खोलीत तो सहज हजारापुढे जातो. तिसऱ्या स्लाइडला डोळे मिटू लागले, की साहेब म्हणतात, कुणाचे लक्ष नाही. लक्ष आहे हो, हवा नाही! त्यात गेल्या खेपेला सर्व्हिसिंगवाल्याने आपली जाळी काढली, तर तीवर धुळीची गोधडी निघाली. पांघरूण मिळालेले ऑफिसातले आपण एकटेच.

1 जानेवारी 2020 पासून देशात नव्या एसीने चालू होताच 24 अंशांवर यावे, असा सरकारी नियम आहे. आपण त्याआधीचे, म्हणून विनंती करतो. 25 वर या, जोडीला छताचा पंखा फिरू द्या. जाळी दर महिन्याला धुतली जावी. आणि जेवणाच्या सुट्टीत पंधरा मिनिटे खिडकी उघडावी. तिच्या बिजागऱ्या रंगाने चिकटल्यात. स्क्रू ड्रायव्हर मी घरून आणतो, स्वेटरऐवजी.

कळावे.

आपला गारठलेला,
टेबल नंबर सात

ता. क. : हे मुद्दाम कागदावर लिहिले आहे. आपल्याकडे काळजी त्याचीच घेतली जाते.