चवडेसर

आंतरशालेय बास्केटबॉल स्पर्धा नागपाड्यात असो की नागपुरात, हे गृहस्थ तिथे असतातच. करडा टी-शर्ट, काळी पँट, गळ्यात शिट्टी आणि मागच्या खिशात नियमांचं पुस्तक. पोरं समोर 'सर' म्हणतात, पाठीमागे 'चवडेसर'. नव्या पोरांना बरेच दिवस ते आडनावच वाटतं. पुढे कधीतरी त्यांचा चवडा रेषेला लागतो, शिट्टी वाजते, आणि मग उलगडा होतो.

मॅचच्या आधी सर फ्री थ्रोच्या रेघेपाशी उकिडवे बसतात. सिमेंटच्या कोर्टावरची रेघ पावसाने पुसट झालेली असते, ती ते खिशातल्या खडूने स्वतः गिरवतात. बोर्डापासून ४.६ मीटर, टेपही त्यांचीच. बोर्ड एका अंगाला कललाय, रिंगला जाळी नाही, याबद्दल त्यांची तक्रार नसते. तिथे उभं राहून कुणी चुकत नाही ना!

फाऊल झाला, फ्री थ्रो मिळाला, की सरांच्या अंगात येतं. लेनच्या दोन्ही बाजूंना पाच पोरं: तीन बचावाची, दोन हल्ल्याची. त्यांचे दहा पाय आणि फेकणाऱ्याचे दोन, असे बारा पाय सर एकटे सांभाळतात. चेंडू हातातून सुटेपर्यंत लेनमध्ये कुणी शिरायचं नाही. फेकणाऱ्याने तर चेंडू रिंगला लागेपर्यंत रेषेला पाय लावायचा नाही, आणि पाच सेकंदांत फेकायचं. हे पाच सेकंद सर हात झोकून मोजतात. जेवणाची सुट्टी जवळ आली की ते थोडे लहान होतात, असं पोरांचं म्हणणं. २०२१ च्या एनबीए प्लेऑफमध्ये यानिस अँटेटोकुंपो रेषेवर इतका वेळ घ्यायचा की समोरच्या संघाचे प्रेक्षक मोठ्याने आकडे मोजायचे. पंचांनी मात्र क्वचितच शिट्टी वाजवली. तिथे मुभा दहा सेकंदांची. सरांच्या कानावर हे घातलं तर म्हणाले, "दहा? मग चहाच मागवा की मध्ये."

लेनमधल्या पोराचा पाय आधी पडला आणि चेंडू तरीही रिंगमधून गेला, तर नियमच सांगतो की गुण धरा, पाय विसरा. अशा वेळी ओठांत शिट्टी धरून ताटकळलेले सर बघवत नाहीत. नेम चुकला आणि घाई बचावाच्या पोराची असली, की मात्र त्यांचा चेहरा उजळतो: थ्रो पुन्हा! पुन्हा नेम चुकतो, पुन्हा कुणाचा तरी पाय, पुन्हा थ्रो. बाकावरची पोरं तोवर केळी खाऊन घेतात.

त्यांना पक्षपाती मात्र कुणी म्हणू नये. ज्या क्लबात ते सकाळी पोरांना शिकवतात, त्याच क्लबाचा गुण त्यांनी अर्ध्या बोटासाठी कापलेला मी पाहिलाय. आणि फेकणाऱ्याच्या पायाबाबत ते बरोबरच आहेत. तिथे सूट दिली तर उद्या पोरं बोर्डाखालून फ्री थ्रो मारतील. माझं भांडण लेनमधल्या पायांवरून आहे. लवकर शिरून ज्याने रिबाउंड पळवला, त्याच्यावर शिट्टी वाजवाच. पण चेंडू उजवीकडे पडला आणि डावीकडच्या पोराचा अंगठा घसरला, तर कुणाचं काय गेलं? शहाणे पंच चेंडू हातात देतानाच सांगतात, "सुटेपर्यंत थांबा रे." निम्मे पाय तेवढ्यावर जागच्या जागी राहतात. सर तसं कधी सांगत नाहीत. मग शिट्टीला काय उरणार?

आणि खरी गंमत पुढेच. चेंडू रिंगवरून उडतो, बोर्डाखाली झोंबाझोंबी होते, आठ नंबर अकरा नंबरच्या बरगडीत कोपर घालतो. अकरा नंबर कळवळून बघतो. सर म्हणतात, "खेळा, खेळा!" कोपर मुद्दाम लागलं की ओघात, हे ठरवायला डोकं चालवावं लागतं. रेघेचं तसं नाही. पाय आत की बाहेर, विषय संपला.

परवाच्या एका सामन्यात शेवटचे दोन सेकंद, एका गुणाची पिछाडी, आणि आठवीतली एक मुलगी रेषेवर. पहिला थ्रो आत गेला, बरोबरी झाली. दुसराही रिंगमधून गेला. तेवढ्यात शिट्टी. समोरच्या संघातल्या मुलींनासुद्धा काही दिसलं नव्हतं. सरांनी गुण रद्द केला, सामना जादा वेळेत गेला आणि तिचा संघ हरला. मुलीचे कोच तणतणत आले. सरांनी शांतपणे पुस्तक काढलं. कोचनी ते हिसकावून घेतलं, पानं उलटली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. पंचांनी निर्णय घेताना नियमामागचा हेतू पाहावा, साधी समज वापरावी, असं तिथे साफ छापलंय.

"हे वाचलंय का कधी?"

सरांनी चष्मा वर केला, ओळ वाचली, पुस्तक मिटलं.

"ते क्रू चीफनं बघायचं," ते म्हणाले. "मी अंपायर."