पंचवीस टक्के टाळ्या

2022 च्या पाडव्याच्या मुहूर्तावर राज्य सरकारने करोनाचे सगळे निर्बंध उठवले. मास्क ऐच्छिक झाला. गिरगावात शोभायात्रा निघाली, ढोल-ताशांनी दोन वर्षांचा अनुशेष एका सकाळीत भरून काढला, नऊवाऱ्या आणि बुलेट एकदमच बाहेर पडल्या. लोकलच्या डब्यात तर 100 टक्के क्षमता केव्हाचीच आली होती, विरार गाडीला 200. एकच जागा अशी उरली जिथे करोना अजून तिकीट काढून बसला होता. आयपीएलचं स्टेडियम. तिथे 25 टक्के.

पण धीर धरायचा होता. पुढच्या बुधवारपासून, म्हणजे 6 एप्रिलपासून, 50 टक्के. म्हणजे मंगळवारी वानखेडेवर राजस्थान-बंगळूर सामन्याला चार खुर्च्यांमागे एक माणूस आणि बुधवारी गहुंज्यात मुंबई-कोलकात्याला दोन खुर्च्यांमागे एक. मंगळवारी मध्यरात्री विषाणू द्रुतगती मार्गाने पुण्याकडे निघतो आणि खंडाळ्याच्या घाटात निम्मा होतो, असं काहीतरी शास्त्र यामागे असणार. आपण पामरांनी विचारू नये.

हिशेब मात्र करून पाहावा. वानखेडेची क्षमता साधारण 33 हजार. पाव म्हणजे आठेक हजार. आता यातून संलग्न क्लब वजा करा, प्रायोजक वजा करा, मंत्रालयातले साहेब, आयुक्तालयातले साहेब आणि साहेबांचे साडू वजा करा. उरलेली तिकिटं ऑनलाइन येतात आणि तुम्ही ओटीपी टाकेपर्यंत संपतात. टक्के कमी झाले की साडू कमी होत नाहीत, हा भारतीय स्टेडियमचा पहिला नियम आहे. कमी होतो तो चर्चगेटला उतरून चालत येणारा.

या चालत येणाऱ्या माणसाला करोनाच्या दोन वर्षांत एक गोष्ट कळली. कुणी तोंडावर सांगितली नाही, पण कळली. त्याच्यावाचून कुणाचंही काही अडलं नाही.

2020 ची आयपीएल अमिरातीत झाली. गॅलरीत चिटपाखरू नाही. तरी टीव्हीवर आवाज चालूच. षटकार गेला की एक बटण, बळी पडला की दुसरं. पडद्यावर घरबसल्या चाहत्यांचे चेहरे लावले होते, चिअरलीडर्सही ध्वनिचित्रफितीतून नाचत होत्या. स्पर्धा पार पडली, करंडक मुंबईने उचलला, जाहिराती तशाच धो धो. क्रिकेट मंडळाचा आणि वाहिनीचा 2018 ते 2022 चा करारच मुळी 16,347 कोटी 50 लाखांचा. त्यात तुमच्या तिकिटाचे आठशे रुपये कुठे बसतात, ते भिंग घेऊन शोधा. पुढे तर कहर झाला. ऑक्टोबर 2021 मध्ये दोन नवे संघ विकले गेले, लखनौ 7,090 कोटींना आणि अहमदाबाद 5,625 कोटींना. खुर्च्या रिकाम्या होत्या त्या काळात भाव वाढला! कुठल्याही नाट्यनिर्मात्याला हे गणित एकदा समजावून सांगा, तो शिवाजी मंदिराच्या पायरीवर बसून रडेल.

परदेशातही प्रेक्षकाची अशीच बडदास्त होती. जर्मनीत बोरुसिया म्योन्शेनग्लाडबाखच्या चाहत्यांनी 19 युरो भरून स्वतःचाच पुठ्ठ्याचा कटआउट खुर्चीवर बसवला. सोलमध्ये तर फुटबॉल क्लबने रिकाम्या गॅलरीत बाहुल्या मांडल्या. नंतर लोकांच्या लक्षात आलं, की बाहुल्या ‘तसल्या’ दुकानातल्या आहेत. क्लबला माफी मागावी लागली, वर 10 कोटी वॉन दंड. बाहुल्यांनी मात्र सामना शिस्तीत पाहिला. कुणी उठून मध्येच समोसे आणायला गेली नाही.

आपल्याकडचा सर्वात अस्सल प्रेक्षक मला विचाराल तर गहुंज्याच्या टेकडीवर होता. मार्च 2021. इंग्लंडविरुद्धचे तीन एकदिवसीय सामने पुण्याला मिळाले, पण राज्यात दुसरी लाट चढत होती. मुख्यमंत्र्यांनी परवानगी दिली ती एका अटीवर, की प्रेक्षक नकोत. अट रास्तच होती. पहिल्याच सामन्यात कृणाल पंड्याने पदार्पणात 26 चेंडूंत अर्धशतक ठोकलं, भावाच्या हातून टोपी घेतलेली, वडील दोनच महिन्यांपूर्वी गेलेले, आणि डाव संपल्यावर मायक्रोफोनसमोर त्याला बोलवेना. ढसाढसा रडला. एरवी अशा वेळी गॅलरीतून वीसेक हजार लोक तरी ‘कृणाल, कृणाल’ करत उठले असते. तिथे सगळ्या खुर्च्या घडी घालून बसल्या होत्या.

टेकडीवर मात्र वर्दळ होती. सचिनचा तो प्रसिद्ध चाहता सुधीरकुमार, अंग तिरंग्यात रंगवून, थेट टेकडी चढून गेला आणि तिथून झेंडा फडकवत बसला. सामना त्याला कितपत दिसला कुणास ठाऊक. पण झेंडा दिसत होता. त्याच परिसरात आणखीही काही क्रिकेटप्रेमी दुर्बिणी लावून होते, काही टेकडीवर, काही जवळच्या उंच इमारतीत. यांची निष्ठा सुधीरकुमारच्याही वरची. एकेक चेंडू डोळ्यांत तेल घालून पाहत होते. पिंपरी-चिंचवड पोलिसांनी तीसेक जणांना उचललं तेव्हा कळलं, की हे सट्टेवाले. टीव्हीवरचं ‘थेट’ प्रक्षेपण काही सेकंद मागे असतं. डोळ्यांनी पाहणाऱ्याला चौकार आधी कळतो आणि तेवढ्या सेकंदांत भाव फिरवता येतो. प्रत्यक्ष हजर राहण्याची किंमत मंडळाला कळली नाही, वाहिनीला कळली नाही, ती फक्त बुकींना कळली. बाजाराला सगळं कळतं म्हणतात ते खोटं नाही.

त्याच महिन्यात अहमदाबादच्या मोटेऱ्याला काय चाललं होतं? नव्या नावाच्या नव्या स्टेडियमात इंग्लंडविरुद्ध ट्वेंटी-ट्वेंटी. पहिल्या दोन सामन्यांना साठ हजारांवर लोक. मग रुग्ण वाढले म्हणून उरलेले तीन सामने रिकाम्या स्टेडियमात. दोन सामने सगळ्यांसाठी, तीन कुणासाठीच नाही. रायपूरला निवृत्त क्रिकेटपटूंची स्पर्धा सुरू होती, रस्ता सुरक्षेच्या जागृतीसाठी. रस्त्याची सुरक्षा झाली, श्वासाची राहिली. गॅलरीत गर्दी, मैदानावर सचिन, युवराज, पठाण बंधू. स्पर्धा संपून आठवडा उलटायच्या आत सचिनने स्वतः जाहीर केलं, की आपल्याला करोना झालाय. पाठोपाठ युसूफ पठाण, बद्रीनाथ, इरफान. नेमकं कुणाकडून कुणाला, ते विषाणूलाच माहीत. क्रिकेटच्या देवालाही न सोडणाऱ्या त्या विषाणूने नंतर आयपीएलच्या जैवसुरक्षित बुडबुड्यालाही टाचणी लावली, आणि 4 मे 2021 ला स्पर्धा मध्येच थांबवावी लागली. बाहेर तेव्हा लोक ऑक्सिजनच्या सिलिंडरसाठी रांगेत होते. त्या दिवसांत स्टेडियम उघडा म्हणणारा कुणी असता तर त्याला मी तरी चहा दिला नसता.

तेव्हा प्रेक्षकाला बाहेर ठेवलं याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती त्याला परत कशासाठी बोलावलं याबद्दल. खुर्च्या रिकाम्या दिसल्या की कॅमेऱ्याला बरं वाटत नाही. म्हणून. झूम केल्यावर मागे थोडी निळी-पिवळी हालचाल हवी. टाळ्यांचं बटण होतंच, आता त्याला तोंडं हवी होती.

आणि तोंडं काय करतात, हेही सांगायला हवं, नाहीतर चाहत्याची आरतीच व्हायची. जानेवारी 2021, सिडनीतली कसोटी. प्रेक्षकसंख्या मर्यादित, मास्क सक्तीचा. तरी सीमारेषेवर उभ्या भारताच्या सिराजला गॅलरीतून जे ऐकवलं गेलं, त्यावरून खेळ थांबला आणि सहा जणांना पोलिसांनी बाहेर काढलं. तोंडावर कापड होतं, तोंड तेच होतं. रेकॉर्ड केलेल्या आवाजाने निदान कुणाचा वर्ण काढला नाही.

पण त्या आवाजाला एक गोष्ट कधीच जमली नाही, ती वानखेडेने करून दाखवली. डिसेंबर 2021, न्यूझीलंडविरुद्धची कसोटी. सरकारने 25 टक्क्यांना परवानगी दिली होती. दुसऱ्या दिवशी, शनिवारी, मी नॉर्थ स्टँडला होतो. गेटवर दोन डोसांचं प्रमाणपत्र दाखवायचं, कपाळावर तापमापक, मग नेहमीची झडती. पाण्याची बाटली बाहेर, पॉवर बँक बाहेर, सुटे पैसे बाहेर. हवालदाराने माझ्या खिशातली दोन रुपयांची नाणी अशी काही बाजूला ठेवली, जणू ती सीमेपलीकडून आली होती. आत फुल्या मारलेल्या खुर्च्या. सकाळी फुलीवर कुणीतरी आपली टोपी ठेवली. तासाभराने टोपीच्या जागी झेंडा आला, जेवणाच्या सुट्टीनंतर झेंडेवालाच. स्टँडचा उन्हातला अर्धा भाग ओस आणि सावलीतल्या भागात मांडीला मांडी. स्वयंसेवक शिट्टी वाजवायचा, लोक एक खुर्ची सरकायचे, तो वळला की परत. अंतर पाळलं गेलं ते शिट्टीच्या अंतराने.

आणि समोर एजाझ पटेल टाकत होता. जन्म मुंबईचा, लहानपणीच आईवडिलांबरोबर न्यूझीलंडला गेलेला, डावखुरा फिरकीवाला. सहा बळी झाले, सात झाले, तोपर्यंत स्टँड आपल्या फलंदाजांना सल्ले देत होता. आठव्यानंतर कुजबुज. माझ्या पुढच्या रांगेत एक आजोबा होते, मास्क हनुवटीवर, कानाला ट्रान्झिस्टर, ते मागे वळून कुणालाच उद्देशून न बोलता म्हणाले, “आता दहावा यालाच मिळाला पाहिजे हां.” नवव्यानंतर सगळा स्टँड तेच म्हणू लागला. भारताचा गडी, भारतातलं मैदान, आणि लोक प्रार्थना करतायत की आपला शेवटचा माणूस याच्याच चेंडूवर बाद व्हावा! सिराजने हवेत मारला, रचिन रवींद्रने झेल घेतला, 119 धावांत दहा बळी. कसोटीच्या एका डावात दहाही घेणारे: जिम लेकर, अनिल कुंबळे आणि हा. सगळं वानखेडे, जेवढं होतं तेवढं, उभं राहिलं. आजोबांच्या मास्कने हनुवटीही सोडली.

टाळ्यांच्या बटणात ‘प्रतिस्पर्ध्यासाठी’ असा खटका नसतो. चांगल्या सोडलेल्या चेंडूला टाळी देण्याचाही नसतो. दादर-माटुंग्याचे लोक ऑफ स्टंपबाहेरचा चेंडू कुणी डौलात सोडला की अजूनही “क्या लीव्ह है” म्हणतात. ते कुठल्या फितीत सापडायचं? खरं तर कसोटीच्या त्या दिवशी आठ हजारांनी जे केलं, ते आयपीएलच्या पूर्ण भरलेल्या स्टेडियमात होईल का, याची मला शंकाच आहे. तिथे भोंगा वाजला की ओरडायचं, पडद्यावर ‘नॉईज’ आलं की आणखी ओरडायचं. माणसं बसवून तेच बटण दाबायचं असेल तर 25 काय आणि 50 काय.

जाता जाता, त्याच शनिवारी कल्याण-डोंबिवलीत राज्यातला पहिला ओमायक्रॉन रुग्ण सापडल्याचं जाहीर झालं. घरी जाताना लोकलमध्ये सगळे ती बातमी मोबाइलवर वाचत होते, आणि वाचतावाचता प्रत्येकाने मास्क वर ओढला. एजाझचे दहाच्या दहा बळी ज्यांनी मास्कशिवाय साजरे केले होते, त्यांनीही.

मग 6 एप्रिलच्या त्या बुधवारी गहुंजे. टेकडीवरच्यांना खाली येऊन रीतसर तिकीट काढता येणार होतं, 50 टक्क्यांत त्यांचाही नंबर लागावा. शिवाय प्लेऑफ आणि अंतिम सामना कुठे, हे मंडळाने तोवर जाहीर केलेलं नव्हतं. देशातल्या सगळ्यात जास्त, 1 लाख 32 हजार खुर्च्या कुठे आहेत, हे मात्र शाळेतल्या पोरांनीही सांगितलं असतं. तिथे टक्के किती ठरतात, यावर तेव्हाच टेकडीवर भाव निघालाही असेल.