रोच, टेलर आणि दूध

आमच्या मुलुंडच्या गोतावळ्यात मैफलीचं रेकॉर्डिंग देताना एक वाक्य म्हणायची पद्धत होती : "तुला म्हणून देतोय, पुढे जाऊ देऊ नकोस." एवढ्या बंदोबस्तात निघालेली कॅसेट महिन्याभरात दादरचा पूल ओलांडून बोरिवलीला पोचायची. कुमारांच्या एका बैठकीतला पहिल्या रांगेतला खोकला आम्हा सगळ्यांना पाठ होता. तो खोकला नसलेली प्रत आम्ही अस्सल मानत नसू.

१९८७ च्या सुमाराला या सोवळ्यात एक परकी कॅसेट शिरली. १९७८ साली धोबी तलावाच्या रंगभवनात पहिली जॅझ यात्रा झाली होती. तिथं सनी रोलिन्सचा सॅक्सोफोन ऐकून आलेले आमचे एक स्नेही तेव्हापासूनच कामातून गेले होते. कॅसेट त्यांचीच. ड्रम्सवर मॅक्स रोच, पियानोवर सेसिल टेलर, कोलंबिया विद्यापीठ, न्यूयॉर्क, १५ डिसेंबर १९७९. या कार्यक्रमाची तबकडी १९८४ साली रीतसर निघाली होती. पण तबकडी होती कुणाच्या तरी भाच्याकडे, भाचा होता न्यू जर्सीला, आणि आमच्या वाट्याला टीडीके नव्वद.

"जुगलबंदी आहे," स्नेही म्हणाले.

जुगलबंदी म्हटल्यावर आमच्यातले तबलेवाले काका मांडी ठोकून बसले आणि हातावर मात्रा मोजू लागले. सोळा मोजून पाहिल्या, दहा पाहिल्या, सात पाहिल्या. मग हात खिशात घातला.

"सम कुठाय याची?"

"यात सम नसते, काका. हा फ्री जॅझ."

"नसते म्हणजे? घरी विसरून आलेत?"

स्नेह्यांनी समजावलं की इथं ठरलेला ताल नाही, ठरलेली चाल नाही. दोघांनी एकमेकांचं ऐकायचं आणि त्या क्षणी सुचेल ते वाजवायचं. असं सुमारे सव्वा तास. काका गप्प झाले. अर्ध्या तासाने, चहा निवून गेल्यावर, म्हणाले, "हा पेटीवाला अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांचा तबला वाजवतोय. आणि तो तबलेवाला चक्क गातोय. मला एक प्रत काढून दे."

माझ्याकडे डबल डेक नव्हता. खाटेवर दोन टेपरेकॉर्डर तोंडाला तोंड लावून ठेवले, पंखा बंद केला, खिडक्या लावल्या आणि घरात जमावबंदी पुकारली. पहिली बाजू रंगात आली होती. टेलर पियानोवर तुटून पडला होता, रोच त्याला सोडत नव्हता, आणि स्वयंपाकघरातून आईचं तार सप्तक लागलं : "अरे गॅस बंद कर, दूध उतू चाललंय!"

मूळ कॅसेट संध्याकाळी परत द्यायची होती. आहे तीच प्रत काकांना दिली. "तुम्हाला म्हणून देतोय," असंही म्हणालो.

गेल्या वर्षी बोरिवलीत एका दर्दी गृहस्थांकडे जाणं झालं. त्यांनी दार लावलं, आवाज खाली आणला आणि पेन ड्राइव्ह लावला. "हे बाजारात मिळत नाही. तबकडीतून ही जागा कापलीय," ते कुजबुजले. सूं सूं आवाजाच्या पावसातून रोच-टेलर येताना दिसले. गृहस्थांनी डोळे मिटले, बोट वर केलं.

"आता ऐका... ही! श्रोत्यांतली कुणी कृष्णवर्णीय बाई. काय उत्स्फूर्त दाद आहे! शब्द लागत नाहीत, पण जागा बघा. सव्वा तासात सम आहे ती एवढीच."

मी मान डोलावली. दुसरं काय करणार?

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. काकांना जन्मभर न सापडलेली सम तिने घेतली होती. ती आता नव्वदीची आहे, पण तो दिवस तिला लख्ख आठवत होता.

"सम कसली मेली?" ती म्हणाली. "अर्धा लिटर दूध गेलं होतं. अन् तू उठला नव्हतास."