फावल्या वेळातले चामडे : नोएडा-गुरुग्रामच्या नवशिक्यांसाठी

चामड्याच्या छंदाला सगळ्यांत आधी लागते ती नोकरी. पगार चालू असेपर्यंतच हा छंद परवडतो. नोकरी असेल तर हत्यारांकडे वळू. कोल्हापूरकडचा कारागीर रापी, आरी आणि ठोकायला एक दगड एवढ्यावर संसार चालवतो. तुमचे तेवढ्यावर भागणार नाही. कडा गोल करायला एक हत्यार हवे, त्या घासून चकचकीत करायला दुसरे, भोके पाडायला दातेरी पटाशांचा संच. संच जपानी घ्यावा की फ्रेंच, यावर निवांत विचार करा. या काळात शिवावे काहीच लागत नाही, त्यामुळे छंदातला हा सर्वांत सुखाचा काळ.

मग चामडे घ्यायला दिल्लीतली करोल बाग. मेट्रोची निळी लाइन नोएडाहून थेट जाते. सोमवारी जाऊ नका, बाजार बंद असतो. हरध्यान सिंग रोडवर चामडे, तळवे, बकले, सगळे मिळते. शेजारच्या रैगरपुऱ्याला नाव मिळाले ते राजस्थानातून आलेल्या रैगर समाजाचे. चामड्याचे काम तिथे पिढ्यान्‌पिढ्या झाले आहे. वाटेत मराठी कानावर पडले तर दचकू नका. खानापूर-आटपाडीकडचे गलाईवाले सोने-चांदी गाळायला इथे येऊन राहिलेले आहेत. चामड्यातले त्यांना विचारू नका, चहा कुठला चांगला ते विचारा.

दुकानदार पहिला प्रश्न टाकतो, “कितने पीस का ऑर्डर है?” “एक पाकीट” हे खरे उत्तर चुकूनही देऊ नका. “सॅम्पल बनवतोय” म्हणा. चामडे चौरस फुटावर विकतात आणि माप मागच्या बाजूला लिहिलेले असते. १८ च्या डोक्यावर बारीक ३ दिसला तर गुरुग्रामच्या इंजिनिअरांनी घाबरू नये. तो घातांक नाही, पाव फुटांचा हिशेब आहे : पावणेएकोणीस फूट. दुकानदार सहसा अख्खी बाजू गळ्यात मारतो. पाकिटाला लागते फूट-दीड फूट. उरलेले पलंगाखाली गुंडाळून ठेवावे आणि पावसाळ्यात बुरशी आली का ते बघत राहावे.

कापलेली कड नीट पाहा. आत निळसर-करडी झाक दिसली तर चामडे क्रोमवर कमावलेले. झाडपाल्यावर कमावलेले असेल तर आरपार तपकिरी दिसते आणि पाण्याचा थेंब पडला की गडद होते. कोल्हापुरीसाठी बाभळीची साल आणि हिरडा वापरतात, ते याच जातीचे. जनावर कोणते, हेही विचारून घ्या आणि पावतीवर लिहून घ्या. दिल्लीतले गिऱ्हाईक शिलाई पाहण्याआधी हेच विचारते आणि “म्हैस” ऐकल्यावरच पाकीट हातात घेते.

शिलाई एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया लावून करायची. प्रत्येक भोकातून दोन्ही सुया समोरासमोरून जातात. मशीनच्या टाक्यात वरचा आणि खालचा दोरा एकमेकांत अडकलेले असतात, एक तुटला की उसवण पुढे सरकते. इथे एक टाका तुटला तरी बाकीचे धरून राहतात. दोरा शिवणीच्या चौपट घ्या. भोके पाडायला हातोडी लागते आणि ती रविवारी दुपारीच चालते, कारण इतर वेळी तुम्ही घरी नसता. खालच्या मजल्यावरच्यांना पहिले पाकीट भेट देऊन टाका.

पाकिटाचा कागदी साचा परदेशी असेल तर तो डॉलरच्या मापाचा निघेल. आपली ५०० ची नोट, ६६ गुणिले १५० मिलिमीटर, त्यात मावते. जुनी शंभराची नोट ७३ मिलिमीटर रुंद, ती डोके वर काढते. फार मनाला लावून घेऊ नका. नोटांच्या पाकिटाचे पैसे गिऱ्हाईक यूपीआयनेच देणार आहे.

आता किंमत. इथे बहुतेक नवशिके चामडे, दोरा आणि सोल्युशन यांची बेरीज करून थांबतात. तुम्ही वेळही धरा. दिल्लीत १ एप्रिल २०२५ पासून कुशल कामगाराचे किमान वेतन महिना २२,४११ रुपये ठरले होते. सव्वीस दिवस, रोज आठ तास धरले तर तासाला सुमारे १०८. नवशिक्याला एका पाकिटाला नऊ तास सहज लागतात, म्हणजे मजुरीच ९७२ रुपये. हा आकडा सोसायटीच्या दिवाळी मेळ्यात उच्चारून पाहा. “इतने में तो सरोजिनी में चार आ जाएँगे,” हे उत्तर ठरलेले. गणेशोत्सवात मराठी मंडळात स्टॉल लावलात तर “आमच्या कोल्हापुरात” अशी सुरुवात होऊन भाव आणखी खाली येतो.

यावर उपाय एकच, कागदाचा टॅग. त्यावर “हातशिलाई” आणि तुमचे नाव नाजूक अक्षरात छापा, तपकिरी पिशवीत घाला आणि १,८०० सांगा. हेच काम फुटपाथवर बसून करणाऱ्याला कोणी टॅग छापून दिलेला नाही, म्हणून त्याच्याकडे घासाघीस दहा रुपयांपासून सुरू होते. शंका असेल तर कोल्हापुरी आठवा. तिला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तरी भाव फुटपाथवरचाच राहिला. जून २०२५ मध्ये प्राडा या फॅशन कंपनीने मिलानच्या रॅम्पवर तसलीच चप्पल कोल्हापूरचे नाव न घेता उतरवली आणि तिची किंमत लाखाच्या भाषेत बोलली जाऊ लागली. दोन्हीकडे घाट तोच.

विक्रीनंतरच्या सेवेचा प्रश्न उरतो. कडेचा टाका सुटल्याचा फोन येईल. गिऱ्हाइकाला घरी बोलावू नका. मेट्रो स्टेशनच्या जिन्याखाली मोची बसतो, त्याचा पत्ता द्या. तो पाकीट उलटसुलट करून बघेल, तुमची भोके कुठे वाकडी गेली ते न विचारता सांगेल आणि पुढची मेट्रो सुटण्याआधी शिवूनही देईल. सुट्ट्या पैशांची काळजी नको, त्याच्या पेटीवरही क्यूआर कोड चिकटवलेला असतो.