रा. रा. मायक्रोफोनसाहेब यांस

रा. रा. लॅपटॉपनिवासी मायक्रोफोनसाहेब,
सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, गेल्या रविवारी सकाळी सात वाजता मी आपल्यापुढे तानपुरा घेऊन बसले. पलीकडे न्यू जर्सीत माझ्या विद्यार्थिनीकडे शनिवारची रात्र. भूप रात्रीचा राग, म्हणून तिच्या घड्याळाचा मान राखून मी तो सकाळी शिकवते. तानपुरा मिरजेचा. तारा जुळवण्यात आणि जवारीचा दोरा केसभर इकडेतिकडे सरकवण्यात आधीच वीस मिनिटं गेलेली. अखेर तो बोलू लागला, तेव्हा विद्यार्थिनी म्हणाली, "ताई, आज तानपुरा नाही लावला?"

इतक्यात खालून भंगारवाला ओरडत गेला. "तुमच्याकडे भंगारवाला आलाय वाटतं," असंही तीच म्हणाली.

साहेब, आपल्या रसिकतेला दंडवत! भाच्याला विचारलं, तर म्हणाला, "मावशी, न थांबता एकसारखा चालणारा आवाज म्हणजे पंखा किंवा एसी, असं धरून तो गाळतात. माणसाचं बोलणं तेवढं ठेवतात." म्हणजे प-सा-सा-सा हा पंखा आणि भंगारवाला ही गायकी!

बाकीच्या तक्रारींवर शाई घालवत नाही. ब्लूटूथचा हेडफोन मायक्रोफोनसकट जोडला की सगळं जुन्या टेलिफोनवरून ऐकल्यासारखं येतं. दोघींनी मिळून गावं, तर तिचा आवाज येईतो माझी सम निघून गेलेली असते. सोडून दिलं.

पण माझा षड्ज? तो मी लावते आणि मधेच विरतो. "ताई, आवाज जातोय." जात नाहीये गं, लागलाय! पंचवीस वर्षं मी पोरींना एकच सांगत आले, हलू नका, सुरावर थांबा. आणि तुझ्या दरबारात जो थांबला तो गोंगाट ठरला! डगमगणारा सूर बिनबोभाट पलीकडे जातो, स्थिरावलेल्याला दारातच अडवतात. हे कोणी ठरवलं? आयुष्यात कधी एक सा लावून पाहिला होता का त्याने?

माझा चढलेला आवाज ऐकून भाच्याने पडद्याच्या वरच्या कडेवरचं टाचणीच्या टोकाएवढं भोक दाखवलं. "हा मायक्रोफोन. आत सिलिकॉनचा इवलासा पडदा असतो. त्याला तानपुरा ऐकू येतो. गाळतो तो पुढचा प्रोग्राम."

म्हणजे तू ऐकलास तर! पंचमाची तार, खर्ज, जवारीचा झंकार, सगळं. पुढे पोचवणं तेवढं तुझ्या हाती नव्हतं. अरे, बारा वर्षं मी गुरुजींच्या मागे तानपुऱ्यावर बसले आहे. तिथून सगळं ऐकू येतं आणि बोलायचं काही नसतं. तुझ्यावर ओरडले, ते मागे घेते. ज्याने पंखा आणि षड्ज एका मापाने मोजले, त्याला मात्र माफी नाही.

भाच्याने सेटिंगमध्ये कुठेतरी खोल जाऊन ती चाळणी बंद केली. परवा तानपुरा न्यू जर्सीला पोचला. विद्यार्थिनी काही न बोलता थोडा वेळ नुसती ऐकत बसली.

आता इथलं सगळंच तिकडे पोचतं, पंख्याची घरघरसुद्धा. म्हणून शिकवताना पंखा बंद ठेवते. मे महिना आहे.

कळावे.
आपली,
एक तानपुरेवाली