धातू कोणता?

बारशाला आमचे भांडीवाले काका बाळ बघायला येत नाहीत, नावाची झडती घ्यायला येतात. आत्यानं ‘कुर्रर्र’ करून पाळण्यातून डोकं बाहेर काढलं रे काढलं, की सतरंजीवरून प्रश्न येतोच, “धातू कोणता?” एका बाळाच्या मामानं आहेराच्या वाट्यांकडे पाहून भाबडेपणानं “स्टेनलेस स्टील” सांगितलं. तेव्हापासून गल्लीत ते धातूकाका.

चाळीस वर्षं भांड्यांवर नावं कोरता कोरता त्यांना हे व्यसन लागलं. गल्ल्याशेजारी संस्कृतचा कोश, उधारीची वही त्याच्याखाली. ‘कियारा’ म्हटलं की दाताखाली खडा आल्यासारखा चेहरा. ‘मृण्मयी’ बिनचूक लिहून आणणाऱ्याला मजुरी माफ.

माझ्या भाचीनं मुलीचं नाव ‘अपाला’ ठेवलं तेव्हा तर पर्वणीच. तिच्या सासूबाईंनी आधीच धसका घेतलेला, “नावात पाल कशाला गं?”

“पाल नाही हो वहिनी,” काका म्हणाले, “सरडा आहे.”

मग घुगऱ्यांची वाटी खाली ठेवून ते सुरू झाले. ऋग्वेद, आठवं मंडल, 91वं सूक्त. अत्रीची लेक. अंगावर रोग, म्हणून नवऱ्यानं टाकलेली. वाटेत सापडलेला सोम तिनं दातांनी चावून इंद्राला दिला. इंद्रानं तिला रथाच्या, गाड्याच्या आणि जुवाच्या भोकातून ओढून काढली. “पहिल्या कातडीचं साळिंदर झालं, दुसरीची घोरपड, तिसरीचा सरडा!” बायका पाळण्यापासून दोन पावलं मागे सरकल्या.

“आणि धातू?” मीच विचारलं. नको तिथे तोंड घालायची सवय.

“पाल्. सांभाळणं. जिला सांभाळणारं कुणी नाही ती अपाला.” सासूबाई रडायच्या बेतात. “पण इंद्राकडे पोरीनं पहिलं काय मागितलं? बापाच्या टकलावर केस!” सगळ्यांनी जावयाच्या डोक्याकडे पाहिलं.

दोन दिवसांनी चांदीच्या वाटीवर नाव घालायला दुकानात गेलो. फळीवर एक पितळी तांब्या होता. जुन्या पद्धतीनं छिन्नीनं ठोकलेली अक्षरं, ठिपक्याठिपक्यांची. सौ. रमाबाई.

“आईचा,” काका म्हणाले. “हे सासरचं नाव.”

“आणि माहेरचं?”

“नकुसा.” ते यंत्राची सुई पुसत होते. “पाचवी मुलगी. त्याला धातू लागत नाही.”

तांब्याखाली वर्तमानपत्राचं पिवळं पडलेलं कात्रण होतं. 2011 साली सातारा जिल्ह्यात शेकडो नकुसांना समारंभ करून नवी नावं दिली, त्याची बातमी. तोवर आई राहिली नव्हती, एवढंच ते बोलले.

यंत्र टर्रर्र सुरू झालं. शेवटच्या ‘ला’चा काना ओढून काकांनी वाटीवर फुंकर मारली. मी पैसे पुढे केले, तर वाटीच परत माझ्या हातात कोंबत म्हणाले, “जावयाला सांगा, डोक्याला तेल लावत जा. पोरीनं शब्द टाकलाय.”